सोळावा सोमवार

धाकट्या जावेला चौथ्यांदा दिवस गेले. "अक्का, मला नको होतं हो," ती कपाळावर हात मारून म्हणाली. बारा वर्षं देवापुढं पदर पसरायचा मी, आणि द्यायचं हिला!

सातव्या महिन्यात ती शेतात तण भांगलताना चक्कर येऊन पडली. दवाखान्यात कळलं, अंगात रक्तच नाही. घरातल्यांपैकी जुळलं ते माझंच.

"सकाळपासून काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"मुलासाठी सोळा सोमवार धरलेत. आज शेवटचा, निर्जळी."

"उपाशी माणसाचं रक्त नाही घेत आम्ही."

उपास मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. जाऊ डोळे मिटून पडली होती; पोट तेवढं हलत होतं. नर्सबाईंनी पुढं केलेल्या चहात मी बिस्कीट बुडवलं.

"बाई, माझं रक्त थोडं बाळालाही पोचेल ना?"