तेवढी एक जाहिरात

"दिसेल ते दाबत बसतेस, म्हणून ही कीड लागते," असं बायकोला सुनावून मी सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटर साफ करायला बसलो. ती समोरच्या खुर्चीत बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती.

नकळत घुसलेली सॉफ्टवेअरं मी एकेक करून उडवली. लॉटरी, वजन घटवा, गुडघेदुखी, सगळ्या जाहिराती गेल्या. एक मात्र काही केल्या हटेना: 'एकट्या महिलेसाठी खोली. लगेच राहायला या.' अख्खी दुपार त्या जाहिरातीशी झटापट केली आणि शेवटी वैतागून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मित्राला फोन लावला.

"अरे, ते सॉफ्टवेअर केव्हाच गेलंय," तो स्पीकरवर म्हणाला. "ही जाहिरात त्यातली नाही. घरातलं कोणीतरी जे सारखं शोधत असतं ना, त्याचीच अशी येत राहते."

घरात आम्ही दोघंच. मी फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.



दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "तेवढी राहू दे."