बंद असताना

चिपच्या नकाशावर बोट ठेवून साहेब ती आखणाऱ्या इंजिनियर मुलीला म्हणाले, "एवढं सर्किट काढून टाक. चिप बंद असताना तिला कसलं आलंय संरक्षण?"

"बंद असतानाच लागतं, सर. त्याच तारेवरची शेजारची चिप चालू असते. तिचं व्होल्टेज हिच्या आउटपुटमधून आत घुसतं. चालू असती तर हिने अडवलं असतं. बंद असली की मुकाट जळते."

साहेबांनी बोट उचललं. सर्किट राहिलं.

संध्याकाळी ती हॉस्पिटलात पोचली. वडील अजून बेशुद्धच होते. त्यांच्या उशाशी घराच्या वाटणीवरून काका आणि आत्याची जुंपली होती.

"काका, आत्या, बाहेर चला."

"अगं, दादाला आता कुठे काय कळतंय?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि दोघांना बाहेर काढून तिने दार ओढून घेतलं.