डोहाकडे पाठ

गिरदावरसाहेब डोहातला एकही मासा न घेता परत गेले. म्हणजे, असं काही झालंच नाही. निजामाच्या राज्यात सरकारी माणूस रिकाम्या हातानं परत जात नसतो, त्यामुळे साहेब मुळात आलेच नव्हते, असं गावानं ठरवून टाकलं आहे.

तर हे न आलेले साहेब सकाळीच कयाधूच्या डोहावर खुर्ची टाकून बसले. हैदराबादचे पाहुणे जेवायला यायचे होते. उन्हाळ्यानं नदी आटलेली, मासे तेवढे या एका डोहात उरलेले. गळ टाकून बसायला वेळ कोणाला? विहिरींना सुरुंग लावणारा लतीफ बोलावून घेतला होता. एक बार डोहात टाकला, की झालं. आचाऱ्यानं मसाला आधीच वाटून ठेवला होता.

पारुबाई भोईण पुढं आली.

"साहेब, गाभोळी भरलीय माशांची. नवं पाणी आलं की हेच वर चढून अंडी टाकत्यात. नदीचं बियाणं हाय ते. बियाणं खाता व्हय?"

"बाजूला हो, बाई. लतीफ, वात पेटव."

पारुबाई बाजूला झाली. लुगड्यासकट डोहात उतरली, गळ्याइतक्या पाण्यात बसली आणि ओरडली, "बाया आंघोळ करून राहिल्या!"

गावाचा रिवाज असा, की ही हाक आली की पुरुषानं पाण्याकडं पाठ करायची. लतीफनं केली. शिपायांनी केली. साहेब खानदानी, त्यांनी खुर्चीसकट केली.

मागं पाण्यात आणखी कोणी कोणी उतरल्याचे आवाज आले.

"लतीफ, न बघता टाक बार."

"कसा टाकू, साहेब? आमची अम्मा बी उतरली वाटतं."

"कशावरून?"

"खोकली."

"टाक की रे पोरा!" मागून त्याची अम्मा खतीजाबी म्हणाली. "आईवर बार टाकला म्हणून नाव होईल तुझं. तालुक्यात बोलावतील."

लतीफनं वात खिशात घातली.

दुपार झाली. साहेबांनी चहा पाठमोऱ्यानंच घेतला.

"किती वेळ चालते ही आंघोळ?" त्यांनी समोरच्या बाभळीला विचारलं.

"मळ लई हाय, साहेब," पारुबाई मागून म्हणाली. "सरकारी सडकेची धूळ. लवकर निघत न्हाई."

तिकडं आचाऱ्यानं माशांच्या मसाल्यात वांगी सोडली. पाहुण्यांनी माशाची फार तारीफ केली. काटा म्हणून एक नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा साहेब उठले आणि मागं न बघता चालू लागले. पारुबाईची बोटं सुरकुतली होती, दात वाजत होते. तिनं पाण्यातूनच, कचेरीतल्या सुरात आवाज लावला:

"मेहेरबान सरकारच्या सेवेशी अर्ज ऐसा की, नदीला नवं पाणी येईस्तोवर आमची आंघोळ चालूच हाय असं समजावं, आन् तवर समद्या सरकारनं डोहाकडं पाठ करून उभं ऱ्हावं."