तोआनचं बक्कल

बक्कल कुठंच नव्हतं. ब्येनने शोधयंत्राची थाळी खड्ड्याभोवती तिसऱ्यांदा फिरवली. यंत्र गप्प राहिलं.

चाळणीत शर्टाची पाच बटणं होती. चार भोकांची, हिरव्या प्लास्टिकची, उत्तर व्हिएतनामच्या सैन्याची. टायर कापून केलेल्या चपलेचा एक तळ होता. आणि पेनिसिलिनची एक रिकामी बाटली. तिच्या ॲल्युमिनियमच्या टोपणामुळेच परवा यंत्र वाजलं होतं. हल्ल्याआधी पोरं आपलं नाव चिठ्ठीवर लिहून असल्या बाटलीत घालत आणि ती खिशात ठेवत. या चिठ्ठीची शाई फुटली होती, पण अक्षरं लागत होती. फाम वान तोआन. खाली गाव आणि तुकडी.

अडचण अशी, की या तोआनला ब्येनने बावीस वर्षांपूर्वीच घरी पाठवलं होतं.

तेव्हा तो भंगारासाठी क्वांग त्रिचे डोंगर खणत फिरायचा. याच उतारावर, चाळीस पावलं खाली, त्याला एक सांगाडा मिळाला. कमरेला ताऱ्याचं बक्कल होतं आणि त्याच्या पाठीवर खिळ्याने कोरलेलं नाव, तोआन. ब्येनने ओळख पटवली. आई आली आणि हाडं घेऊन गेली. त्या एका ओळखीवर ब्येनला सैन्याच्या शोधपथकात नोकरी मिळाली. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, की लढाईच्या आदल्या दिवशी मित्र मित्र पट्टे बदलत, आठवण म्हणून. तसं झालं असेल तर खालच्या पोराचं बक्कल या खड्ड्यात हवं होतं. ते मिळालं असतं तर त्यालाही नाव मिळालं असतं.

"किती वेळा झाडशील रे तेच?" ताडपत्रीखालून सुयेन म्हणाली. "नवी सूनसुद्धा एवढं अंगण झाडत नाही."

ही तोआनची आई. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. थाय बिन्हहून तीन गाड्या बदलून आली होती. तिला फोनवर फक्त 'या' एवढंच कळवलं होतं. बुटक्या स्टुलावर बसून ती पान चघळत होती.

पथकाचा कॅप्टन हिएप ब्येनजवळ आला. "तू सांगतोस की मी सांगू?"

"चूक माझी. मीच सांगतो."

ब्येन तिच्यासमोर उकिडवा बसला. बाटली दाखवली, चिठ्ठी वाचून दाखवली. काही लपवलं नाही. ती रडली नाही. तिचं चघळणं तेवढं थांबलं.

"म्हणजे घरी आहे तो कोण?"

"माहीत नाही, आई."

पुढचं हिएपने सांगितलं. कागदपत्रं झाली की तोआनला ती घेऊन जाऊ शकेल. घरच्या सांगाड्याला उकरून इकडे आणावं लागेल. हुतात्म्यांच्या दफनभूमीत, निनावींच्या रांगेत त्याची जागा होईल.

"तिथं त्याचं श्राद्ध कोण घालणार?"

"सणाला उदबत्त्या लावतात, आई."

"सगळ्यांना मिळून."

"हजारो आहेत, आई. काय करणार?"

"बावीस वर्षं तो माझ्या हातचं खातोय," सुयेन म्हणाली. "नवऱ्याशेजारी निजवलाय मी त्याला. उद्या वर गेले की विचारतील ते मला, पोरगा कुठाय म्हणून." मग ती काठी टेकत उठली. "दाखव मला हा."

खड्ड्यातली हाडं लाल कापडात बांधून ठेवली होती. हिएपने ते उलगडलं. तिने जबडा हातात घेतला. वरचा, पुढचा एक दात अर्धा मोडलेला होता. ब्येनची नजर सवयीने तिथे गेली. मोडलेली कड झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे दात मोडला तो लहानपणी. बाँबने नव्हे. म्हातारीचा अंगठा त्या दातावर बराच वेळ होता.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझ्या तोआनचे दात धड होते."

"पण आई, चिठ्ठी..."

"पट्टा दुसऱ्याकडे जातो, तर चिठ्ठी जात नाही होय?"

"रक्त तपासू. तुमचा एक थेंब पुरे."

"माझा नाही म्हणतेय ना. मग रक्त कशाला देऊ?"

आईनेच नाकारल्यावर नाव लावता येत नव्हतं. हिएपने नोंदवहीत लिहिलं: नाव अज्ञात. सुयेनने जबडा जागेवर ठेवला आणि कापडाची गाठ स्वतः बांधली. बोटं वाकडी झाली होती, त्यामुळे वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

ब्येनची चूक आता चूक राहिली नव्हती. बावीस वर्षांची नोकरी, नाव, सगळं शाबूत होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण तो अंगठा त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. हिएप खड्ड्यापाशीच थांबला. ब्येन म्हातारीचा दंड धरून तिला जीपकडे घेऊन गेला. आत बसवल्यावर त्याने विचारलं, "आई, दात धड होते, हे नक्की?"

तिने मागे पाहिलं नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तोआनचा दात म्हशीच्या शिंगाने मोडला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता," सुयेन म्हणाली. "घरी आणलेल्याची हाडं मी माझ्या हातांनी धुतली, तेव्हाच मला कळलं होतं."