छातीवरचा बॅज

मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात गैबीनं दोन्ही तळहात डॉक्टरांपुढं धरले. भाजल्यासारखी कातडी सोलवटली होती, पण विस्तवाजवळ तो गेलाच नव्हता. बायकोनं अणुवीज केंद्राचा कागद पुढं केला. कामगाराच्या अंगावर किती किरणं पडली, हे छातीवरचा बॅज मोजतो. त्याचा महिन्याचा आकडा त्यात होता. "शून्य!" डॉक्टर हसले. "घाबरू नका, मलम देतो." "मी म्हनत हुते की, कायबी न्हाय!" बायकोचा जीव भांड्यात पडला. गैबीनं मात्र हात तसेच पुढं धरून ठेवले. किरणांची मर्यादा भरली की काम सुटायचं, म्हणून आत जाताना सगळेच बॅज काढून जेवणाच्या डब्यात ठेवायचे. गेल्या महिन्यात सायरन वाजल्यावर गळका व्हॉल्व्ह त्यानं उघड्या हातांनी आवळला, तेव्हाही छाती मोकळीच होती. "डॉक्टर," तो म्हणाला, "बॅज डब्यात हुता. त्यो आकडा माझा न्हाय... भाकरीचा हाय."