सरळ बघा

परदेशातल्या विमानतळावर मोठ्यांसाठी चेहरा ओळखून उघडणारी दारं होती, लहानांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी साधा काउंटर. मिरजगावच्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या सासूबाई माझ्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन तिथून काचेपलीकडे पोचल्या. दिशाला मी आजवर कुणाच्याच हाती सोपवलं नव्हतं. ‘सरळ बघा,’ पडद्यावर उमटलं. माझी नजर मात्र तिच्यावरच. ती आजीचा हात सोडून गर्दीत पळू बघत होती. दोनदा दार उघडलंच नाही. सासूबाईंनी फरशीवर बसकण मारली, पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. “उसाच्या फडात तुझा नवरा असाच वाढलाय,” त्या काचेपलीकडून ओरडल्या. “हिच्याकडं मी बघती. तू त्या मशिनीकडं बघ की, बये!” मी दिशावरून नजर काढली, कॅमेऱ्याकडे बघितलं. दार उघडलं. एरवी धावत सुटले असते. आज खाली ठेवलेली बॅग उचलली आणि चालत निघाले.