मास्तरांच्या जीपचं मीटर

रहेमतुल्ला मिस्त्री जीपच्या खाली शिरला, तेव्हा त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. पंजाबराव त्या पायांकडेच टक लावून पाहत उभा होता.

"मीटर सत्तावीस हजारच दाखवून राह्यलं," तो म्हणाला. "वीस वर्षांच्या गाडीचं. पटते का तुले?"

"जरा दम धरा ना. पाहू तर द्या," खालून आवाज आला.

पंजाबरावचं शेत पार सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या वाटेला चारही चाकांनी ओढणारी जीपच हवी. मागच्या वर्षी एका दलालानं मीटर मागं फिरवलेली गाडी त्याच्या गळ्यात मारली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस आता ताकही फुंकून पीत होता, म्हणून त्यानं मिस्त्री सोबत आणला होता. पण खरं सांगायचं तर तो आला होता माणिकराव मास्तरांच्या शब्दावर. पोटच्या पोरीला एका मार्कासाठी नापास करणारा हा मुख्याध्यापक. संग्रामपुरात अजूनही कुणाला खरं-खोटं करायचं असलं, की लोक मास्तरांच्या अंगणात येऊन उभे राहतात.

मास्तर त्याच अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मोतीबिंदू काढूनही एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं होतं. बुलढाण्याहून लेक समता फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, आता कोण चालवणार आहे ती? विकून टाका ना." त्यावर मास्तर विषय बदलायचे. शेवटी गिऱ्हाईकही तिनंच शोधलं.

"सर, मीटर खरं आहे ना?" पंजाबरावनं विचारलं.

"मी चालवलेला एकेक किलोमीटर आहे त्यात. रविवारीच काढत होतो. शाळेत तर एसटीनं जात होतो."

"घरी जीप असून एसटीनं?"

"डिझेल काय फुकट भेटते?"

एवढ्यात भिमाबाई चहा घेऊन आल्या. ठेंगणीशी, हसतमुख बाई. गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळपासून त्यांनी गाडी दोनदा धुतली होती. चालली तर नटून जाऊ दे, असा त्यांचा हिशेब. रहेमतुल्ला हात पुसत बाहेर आला, तसा त्यांनी कप पुढं केला.

"मीटर पाहूनच किंमत ठरते का हो, भाऊ?"

"मीटर खोटं बोलू शकते, भाभी. गाडी नाही बोलत."

भिमाबाईंनी रिकामा ट्रे उचलला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

चहा संपवून रहेमतुल्ला स्टिअरिंगमागं बसायला गेला. त्याचे गुडघे खाडकन वर आपटले.

"काय हो मास्तर! तुमी एवढे उंच, अन् सीट इतकी पुढं काऊन?"

"कंबर धरते माझी. पुढं बरं वाटते."

पहिल्या सेल्फला जीप सुरू झाली. रहेमतुल्ला ती नाल्यापर्यंत घेऊन गेला, काठावरच्या चिखलात मुद्दाम घातली, चारही चाकं लावून बाहेर काढली आणि परत आणली. पंजाबरावचा चेहरा फुलला होता. रहेमतुल्लाचा नव्हता. त्यानं खाली वाकून पेडलवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा जीपखाली जाऊन आला आणि मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, राग मानू नका. इंजिन मस्त आहे, कुठंच गंज नाही. कोणीतरी लेकरासारखी जपली ही गाडी. पण क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं. सत्तावीस हजारात असं होत नसते. अन् मीटरच्या केबलचा नट पाहा. हा एकदा-दोनदा नाही निघालेला. केबल काढायची, गाडी फिरवून आणायची, केबल परत लावायची. मीटर जागचं हालत नाही. ही गाडी लाखाच्या वर चालली."



"असं कसं होईन?" पंजाबराव म्हणाला. मास्तरांवर संशय घ्यायला त्याची जीभ रेटेना. "सर तर एसटीनं जात होते. मांगं कोणी पोरगा-सोरगा गाडी नेत असंन. काकू घरीच राहत होत्या, त्याईलेच विचारतो."

तो स्वयंपाकघराकडे वळला. मास्तर इतक्या झटक्यात उठले की कपबशी खाली पडून फुटली.

"तिले काही विचारू नको!" ते म्हणाले. "केबल मीच काढत होतो. पुढं-मांगं विकताना किंमत जास्त यावी म्हणून."

पंजाबरावच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं दुःख होतं, आणि मास्तरांना तेच सोसवेना.

"सर, खोटं बोलू नये हे मले तुमीच शिकवलं," एवढंच बोलून त्यानं मोटरसायकलला किक मारली.

मास्तर मान खाली घालून कपबशीचे तुकडे वेचत राहिले. रहेमतुल्लाला राहवेना.

"काऊन बोलले असं?" तो चिडून म्हणाला. "साइकिलची चेन उतरली तरी माह्या दुकानात येणारा माणूस तुमी! पान्हा कोणत्या अंगानं फिरवतात ते तरी मालूम आहे का? तुमी काय केबल काढता! उद्या गावभर तोंडाले काळं लागंन तुमच्या. कोणासाठी एवढं?"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू हसरा होत गेला.

"हळू बोल, रहेमत. मी एसटीत बसलो की भिमा गाडी घेऊन जंगलात फिरून येत होती. अजूनही दुपारी माझा डोळा लागला की जाते. तिले वाटते, मले मालूम नाही."